चिंध्यांना दिलेलं ऊन

माझ्या माहेरी, देशावर, काहीही बिघडलं की त्याला ऊन द्यायचे. डाळीत किडे झाले, दे ऊन. गादीला ओल आली, दे ऊन. बाळंतिणीची दुपटी, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, आजारी माणसाची वाकळ, सगळं अंगणात. आई म्हणायची, उन्हापुढे काही टिकत नाही. मीही तेच धरून संसार केला. कोपरखैरण्यात आम्ही भाड्याने राहतो ते घर वरच्या मजल्यावर आहे. एक खोली, मोरी आणि दाराबाहेर उघडी गच्ची. घर बघायला आलो तेव्हा ह्यांनी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं आणि मी गच्चीवर ऊन कुठून कुठपर्यंत फिरतं ते बघितलं. सकाळी नऊला पाण्याच्या टाकीपाशी येतं ते संध्याकाळी पाचपर्यंत हलत नाही. मला घर तेवढ्यावरच पसंत पडलं.

ह्या उन्हाबद्दल मी कोणाशी बोलले नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि ह्यांच्यासमोर तर हे काढताच येत नाही. चौथीपर्यंतचं अक्षर अजून हाताला आहे, म्हणून वहीत लिहिते.

हे टेम्पो चालवायचे. एपीएमसी मार्केटमधून भाजी भरायची आणि ठिकठिकाणच्या मंडईत पोचवायची, हेच ह्यांचं आयुष्यभराचं काम. मार्केटच्या गेटवर गाड्यांची रांग लागते. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचं, नाहीतर दुसरा मध्ये घुसतो, म्हणून इंजिन कोणी बंद करत नाही. पुढच्या ट्रकचा धूर बरोबर ह्यांच्या काचेसमोर. घरी आल्यावर मी शर्ट भिजत घातला की बादलीतलं पाणी चहासारखं व्हायचं. मग ह्यांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसतं बसल्याबसल्या. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि सांगितलं, गाडी सोडा, धुरात बसू नका.

गाडी सोडली. धुरापासून लांब राहायचं एवढंच आम्हाला कळलं होतं. आणि धूर तर डोळ्यांना दिसतो, त्यात न कळण्यासारखं काय होतं? म्हणून मी माझ्या परीने दिवसाचे वाटे केले. सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस, ट्रक, मोटारसायकली, तेव्हा खिडकी बंद. संध्याकाळी तेच सगळं उलट्या दिशेने, तेव्हा बंद. अंधार पडला की कंपन्यांकडून कसलातरी वास येतो, कधी कुजक्या कोबीसारखा, कधी गोडसर, तेव्हाही बंद. राहिली दुपार. दुपारी रस्ता शांत असतो. आभाळ निळं असतं, पारसिकचा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा दिसतो. वास म्हणाल तर फक्त काकींच्या सुकटीचा. काकी म्हणजे खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकीण, इथल्या मूळच्या गावातल्या.

तर मी ह्यांना सांगितलं, जेवण झालं की चार वाजेपर्यंत गच्चीवर बसायचं. टाकीच्या सावलीत खुर्ची, डोकं सावलीत आणि छाती-पाय उन्हात. छातीला ऊन मिळालं की कफ सुटतो, हे मला आईने शिकवलं होतं.

"मी काय पापड आहे का?" हे म्हणाले.

"बसा हो. आतून कोरडं होईल."

"कोरडा झालो की तळून खा मग."

पण बसले. थंडीच्या दिवसांत ह्यांना बरंही वाटलं. पंप कमी लागायला लागला. मला वाटलं, आपलं औषध लागू पडलं.

मी महाप्याला एका गाळ्यात कामाला जाते. तिथे प्लास्टिकच्या डब्यांवर, बटणांच्या पट्ट्यांवर अक्षरं छापतात. एका चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, तिच्यातून शाई खाली उतरते. दर थोड्या वेळाने जाळी पुसावी लागते, नाहीतर शाई सुकून भोकं बुजतात. ते पुसायचं काम आम्हा बायकांचं. पुसायला थिनर आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. थिनरचा वास पहिल्या आठवड्यात डोक्यात जातो, मग येईनासा होतो. मला तर आता घरी आल्यावर फोडणीचाही वास उशिरा कळतो.

ह्या चिंध्या एकदा वापरून टाकत नाहीत. संध्याकाळी त्या गाळ्याच्या पत्र्यावर पसरायच्या, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात थिनर उडून जातं, शाई कडक होते, मग चिंधी दगडावर आपटली की खपली पडते आणि चिंधी परत कामाला येते. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण हे आम्हा बायकांचंच डोकं असणार. वाया काही घालवायचं नाही आणि उन्हाला काही लागत नाही. मी कामाला लागले तेव्हा मला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

मग एक दिवस तपासणीला माणसं आली. त्यांनी पत्र्यावरच्या चिंध्या बघितल्या आणि म्हणाली, हे पेट घेईल, इथे ठेवायचं नाही. ती गेली. सुपरवायझरने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि माझ्यापाशी थांबला.

"मावशी, तुमच्याकडे गच्ची आहे ना?"

"हो."

"ऊन येतं?"

"येतं की."

"मग गोणी तुम्ही न्या. दोन दिवसांनी वाळवून आणायची."

मला नाही म्हणायचं होतं. ह्यांच्या दम्याचं सांगायचं होतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी "बरं" म्हटलं. आयुष्यात मी जेवढ्या वेळा "बरं" म्हटलं आहे, त्यांतल्या निम्म्या वेळा मला नाही म्हणायचं होतं.

पहिल्या दिवशी गोणी घेऊन जिना चढले. हे दारातच.

"काय आणलंस? बिर्याणी?"

"कामाच्या चिंध्या आहेत. उद्या वाळत घालायच्यात. मी सकाळी घालून जाते, तुम्ही त्यांच्या जवळ जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर चिंध्या रंगाप्रमाणे लावलेल्या. काळ्या एका दोरीवर, लाल दुसऱ्या, निळ्या तिसऱ्या. टाकीपासून कठड्यापर्यंत ह्यांनी नवीन दोऱ्या ताणल्या होत्या. प्रत्येक चिंधी दुपारी एकदा उलटी केली होती, दोन्ही अंगांनी सारखी वाळली होती. गाडी सुटल्यापासून मी ह्यांचा चेहरा असा बघितला नव्हता.

"तुमच्या गाळ्यात सुपरवायझरला सांग," हे म्हणाले, "असा माल त्याने बघितला नसेल."

मी चिंध्या उतरवून गोणीत भरायला लागले. पुरुष माणूस गाडी सुटल्यापासून खुर्चीत बसून होता. बायकोचा डबा भरून द्यायचा म्हटलं तरी वाकता येत नव्हतं. त्याला हे काम मिळालं होतं. थिनरच्या वासाचं मी मनाशी असं धरलं की ऊन तो वास खाऊन टाकतं. खरंच दुपारी तीनपर्यंत चिंध्यांना काही वास राहत नसे. पापडासारख्या कडक व्हायच्या. वास गेला म्हणजे थिनर गेलं, संपलं, असंच मी समजत होते. ते कुठे गेलं, हा प्रश्न मला पडला नाही.

काकींना मात्र वास यायचा. एकदा त्या कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या राहिल्या.

"काय गो, यो कवरा वास! माज्या सुकटीला लागंल नं. मंग कोन खानार?"

हे वरून म्हणाले, "काकी, उलटं आहे. तुमच्या सुकटीचा वास आमच्या चिंध्यांना लागतो. गाळ्यात मालक विचारतो, छापताय का तळताय?"

काकी हसल्या. "तुजा नवरा मरायला टेकला तरी तोंडाचा पट्टा नाय बंद व्हनार," असं मला म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्या दिवशी मला ते गमतीचं वाटलं होतं.

थंडी सरली, ऊन तापायला लागलं. आणि ह्यांचा दम परत वाढला. विचित्र होतं ते. सकाळी बरे असायचे. खिडकी उघडली तरी, खाली रिक्षांचा, मोटारसायकलींचा धूर असला तरी बरे. दुपार कलली की छातीत शिट्टी वाजायला लागायची. घसा आतून खरवडल्यासारखा होतो म्हणायचे, डोळे चुरचुरतात म्हणायचे. संध्याकाळी आले की मी ह्यांची पाठ चोळून द्यायचे आणि विचारायचे, आज किती वेळ बसला होतात उन्हात? हे कधी दोन तास म्हणायचे, कधी तीन.

मला वाटलं, ऊन कमी पडतंय.

हे मला इथे लिहूनच ठेवायला हवं. मी ह्यांना सांगितलं, अकरालाच बाहेर बसत जा आणि पाचपर्यंत आत येऊ नका. मी कामावरून काकींच्या फोनवर फोन करून विचारायचे, बसलेत ना? काकी म्हणायच्या, "हाय, हाय, तुजा पापड वालतंय." मी निर्धास्त व्हायचे.

त्याच सुमाराला एक मुलगी आमच्या गच्चीवर पेटी ठेवायला आली. कॉलेजात शिकत होती, हवा मोजायचं काहीतरी काम होतं. काकींनी "ठेव गो, पन सुकटीवर पाय देऊ नको" एवढ्या अटीवर परवानगी दिली. पेटी पांढरी होती, चार पायांवर उभी, बाजूने खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या. मुलगी आठवड्यातून एकदा यायची, पेटी उघडायची, मोबाईलवर काहीतरी बघायची आणि जायची. ह्यांच्याशी तिची गट्टी जमली होती, पण दम्याचं हे तिला कळू देत नव्हते. माझी आणि तिची भेट माझ्या सुट्टीच्या दिवशी झाली. हे आत झोपले होते.

तिने दोऱ्यांकडे बघितलं. "मावशी, हे कसलं वाळत घातलंय? काकांना विचारलं की पापड म्हणतात."

"कामाचं आहे."

"थिनरचा वास येतोय का?"

मी घाबरले. वाटलं, ही पण तपासणीवाल्यांपैकीच. पण तिने काही लिहून घेतलं नाही. ती हसली आणि पेटीकडे वळली. का कोण जाणे, मीच विचारलं. अनोळखी माणसाला आपण होऊन मी क्वचितच काही विचारलं असेल.

"तुमच्या पेटीत काय दिसतं?"

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर एक रेघ होती, डोंगरासारखी चढून उतरलेली. "ही सकाळ, बघा किती खाली आहे. ही दुपार. दोन-तीनच्या सुमाराला सगळ्यात वर."

"वर म्हणजे हवा चांगली?"

"नाही मावशी. वर म्हणजे वाईट."

मी म्हटलं, असं कसं? दुपारी तर धूर नसतो. आभाळ तर बघा.

तिने मग नीट समजावलं. सकाळचा धूर जात नाही, नुसता पांगतो, म्हणून दिसत नाही. गाड्यांच्या धुरात एक वायू असतो. आणि दुसऱ्या बाजूने रंगाची, थिनरची, पेट्रोलची, पॉलिशची, चिकटवायच्या सोल्यूशनची वाफ हवेत जाते. ही दोन एकत्र आली आणि वरून कडक ऊन पडलं की त्यातून तिसरंच काहीतरी तयार होतं. त्याला ओझोन म्हणतात. त्याला रंग नाही, धूर नाही. आभाळ जेवढं स्वच्छ आणि ऊन जेवढं कडक, तेवढा तो जास्त.

"म्हणजे ऊन..."

"ऊन म्हणजे चूल समजा," ती म्हणाली. "सामान आपण टाकायचं, शिजवायचं काम त्याचं."

"दम्याच्या माणसाला काय होतं?"

"छाती आतून सुजते. अशा माणसाने दुपारी बाहेर बसूच नये. का? घरात कोणाला आहे?"

दारापासून आम्ही चार पावलांवर होतो. आत ह्यांची शिट्टी वाजत होती, मला ऐकू येत होती. मी म्हटलं, "शेजारी एक आहेत."

मग मी चिंध्यांकडे बोट केलं. "हे ह्याच्यामुळे?"

ती पुन्हा हसली, पण चांगल्या मनाने. "तुमच्या एका गोणीने काय होणार मावशी? दम्याच्या माणसाजवळ ती वाफ नसावी हे खरं. पण तुम्ही उद्या चिंध्या बंद केल्या तर ह्या पेटीतला आकडा हलणारसुद्धा नाही. अख्खं शहर आहे ह्यात."

माझ्या मनाला लागू नये म्हणून ती असं बोलली. पण ती गेल्यावर मी कठड्याला धरून बसले. चूक एकटीची असती तर ती उद्या सकाळी थांबवता आली असती. गोणी परत नेऊन टाकली असती, सुपरवायझरचं बोलणं खाल्लं असतं, आणि संपलं असतं. तिने तेवढंही माझ्या हातात ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाता-येता मला तेच दिसायला लागलं. पेट्रोल पंपावर टाकी भरल्यावरही पोऱ्याने नळी हलवून हलवून आकडा पूर्ण केला की टाकीच्या तोंडाशी हवा थरथरते, ती बघितली. गॅरेजबाहेर फुटपाथवर मोटारीच्या दाराला फवाऱ्याने रंग मारत होते, रंगाचा ढग उन्हात चमकत होता. एका सोसायटीला बांबू बांधून ऑइलपेंट चाललं होतं. फर्निचरच्या दुकानासमोर पलंगाला पॉलिश. चपला चिकटवणारा. डांबर उकळणारे. आणि रस्त्यावर एकामागे एक ट्रक. प्रत्येकाच्या हाताला काम होतं, कोणीही वाईट काही करत नव्हतं. मी माझी गोणी डोक्यावर घेऊन त्यांच्यातून चालले होते. वर ऊन होतं.

ह्यांना सांगायला मला आठ दिवस लागले. सांगितलं म्हणजे चिंध्यांचं काम काढून घ्यावं लागणार होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे, इतके महिने तुम्हाला मीच तिथे बसवलं हे सांगावं लागणार होतं. दुसरं मी सांगितलंच नाही. एवढंच म्हटलं की ती मुलगी म्हणत होती, दुपारची हवा वाईट असते, आता आत बसायचं.

हे म्हणाले, "सकाळी धूर म्हणून आत. संध्याकाळी धूर म्हणून आत. अंधार पडला की वास म्हणून आत. आता दुपारी ऊन म्हणून आत. बाहेर कधी यायचं, ते त्या पेटीवाल्या पोरीला विचारून ठेव."

मी खरंच विचारलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तिने बराच विचार केला. म्हणाली, पावसाळ्यात कमी असतो.

हे म्हणाले, "बरं झालं. चार महिने भिजत बसतो."

मग मी खिडकीला जुनी चादर लावली. सकाळी कामावर जाण्याआधी चिंध्या घालायच्या, संध्याकाळी काढायच्या, हे मीच करायला लागले. सुपरवायझरला नको म्हणायचं रोज ठरवायची आणि रोज तो समोर आला की जाळी पुसायला लागायची. पंखा गरम हवा फिरवायचा, हे पलंगावर पडून छताकडे बघायचे. बोलणं कमी झालं. काकी वर आल्या तरी एखादा शब्द बोलायचे. त्या मला म्हणाल्या, "काय गो, तुजा नवरा मुका झाला का? यो असा नाय बरा."

मग एक दिवस संध्याकाळी आले तर चिंध्या उलट्या केलेल्या होत्या. वाऱ्याने उलटल्या असतील म्हणावं तर सगळ्या सारख्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. ह्यांनी रात्रीच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला टोमणा मारला, बऱ्याच दिवसांनी. "मीठ पण हवेत उडून जातं का गं तुझं?" मला हसू आलं. मी ठरवून टाकलं की मला काही दिसलं नाही. हे अर्धा तास बाहेर जात असतील, अर्ध्या तासाने काय होतंय. मला त्यांचा आवाज परत हवा होता. त्यात श्वास किती उरला आहे, ते मी मोजलं नाही.

तो दिवस खूप तापला होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. आमच्या समोरच्या इमारतीला रंग लागत होता. गाळ्यात सुपरवायझरने हाक मारली, "मावशी, तुमचा फोन आहे." मला कामावर फोन कधीच येत नाही. काकी होत्या. "ये गो लवकर. त्याला रिक्षान घालून नेतंय. बोलत नाय तो."

दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांच्या तोंडावर मास्क होता. ओठ निळे होते. हाताच्या बोटांना निळी शाई लागली होती, त्या दिवशी गोणीत निळ्याच चिंध्या होत्या. नर्सने मला विचारलं, ओठ आणि बोटं दोन्ही निळी कशी, काही खाल्लंय का ह्यांनी? मी म्हटलं, बोटांची शाई आहे. ती पुसायला माझ्या पिशवीत थिनरची चिंधी होती. मी ती बाहेर काढली नाही. पाण्याने चोळत बसले, निघाली नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छातीचं जे गेलं ते गेलं, परत येत नाही. आता राहिलंय ते सांभाळायचं. मी विचारलं, गावाला नेलं तर? ते म्हणाले, न्या, पण दम वाढला तर तिथून दवाखाना किती लांब आहे? एसटी धरून दीड तास लांब आहे. आम्ही नेलं नाही.

हे घरी आले तेव्हा बरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं. ते पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरतं. नाकात नळी असते. ती लांब आहे, मोरीपर्यंत पुरते, दारापर्यंत पुरत नाही. मुलगी पेटी घेऊन गेली होती, तिचं काम संपलं होतं. जाताना काकींना पेढे देऊन गेली.

चार दिवसांनी मी कामावर गेले. मशीन चालायचं तर कामावर जायला हवं, आणि काम म्हणजे थिनरच. सुपरवायझर माणूस वाईट नाही. तो आपण होऊन म्हणाला, "मावशी, तुम्हाला घरी टेन्शन आहे. गोणी हिला देऊ." ही म्हणजे घणसोलीहून येणारी एक बाई, माझ्याहून लहान, नवीन लागलेली. तिने लगेच मान हलवली.

"माझ्या पत्र्यावर लख्ख ऊन असतं ताई," ती मला म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

तिला गोणी डोक्यावर घ्यायची होती. मी एका बाजूने हात लावला.

संध्याकाळी हे उशाला टेकून बसले होते. माझ्या हातात गोणी नाही हे ह्यांनी बघितलं.

"आता कोण नेतं?"

"घणसोलीची एक आहे."

"गच्ची आहे?"

"पत्रा आहे. ऊन भरपूर आहे म्हणाली."

ह्यांनी नाकातली नळी सारखी केली. "दुपारी घरी कोण असतं तिच्या?"

"सासू. आणि मुलगी, शाळेतून आल्यावर."

"सांगितलंस तिला?"

मी नाही म्हटलं.

"मग सांग." दोनच शब्द, पण दोन्हींच्या मध्ये ह्यांना थांबावं लागलं.

मी बरं म्हटलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. रोज सकाळी ठरवून घरातून निघते. जाळी पुसताना ती माझ्या शेजारीच असते, सासूच्या तक्रारी सांगते, हसते. परवा म्हणाली, सासूला हल्ली खोकला झालाय, मी तिला जरा उन्हात बसवते. मी तेव्हा तोंड उघडलं होतं. पण तिचं बोलणं चालू राहिलं, मग शिफ्टची घंटा झाली, आणि तिने गोणी पुढे ओढली. मी दुसरं टोक धरलं.

ह्यांनी त्यानंतर दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी सांगितलं म्हणून खोटं बोलले. हे म्हणाले, काय म्हणाली? मी म्हटलं, बरं म्हणाली. दुसऱ्यांदा काल. "तिची सासू..." एवढं म्हणाले आणि दम संपला. हात वर करून थांब अशी खूण केली, पुढचा श्वास येईपर्यंत. मी थांबले नाही. पाणी आणायला म्हणून उठले आणि मोरीत नळ सोडून उभी राहिले.